युसूफभाईंचा अल्कलाईन संसार

आमच्या दिग्रसमध्ये बॅटरी बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी जीभ बाहेर काढावी लागते. ट्रॅक्टर बंद पडलेला असो की जीप, युसूफभाई बॅटरीवाले आधी माणूस तपासतात, मग गाडी. शर्टाच्या खिशातून निळ्या लिटमस कागदाची पट्टी काढायची, समोरच्याच्या जिभेला टेकवायची आणि उजेडात धरून मान हलवायची.

"लाल होऊन राह्यला भाऊ. सकाळी काय खाल्लं?"

गिऱ्हाईक ओशाळून म्हणतं, "दोन आलूबोंडे."

"मंग! कागद कधी झूट बोलते का?"

एवढं झाल्यावर त्यांची नजर बॅटरीकडे वळते.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या शेजारीच आहे. मधे एक पातळ भिंत. त्यामुळे अख्ख्या गावात सगळ्यात जास्त वेळा तपासली गेलेली जीभ माझीच असणार. त्यात मला पित्ताचा जुना त्रास आणि समोरच्या हॉटेलातल्या भज्यांवर जीव. युसूफभाईंना असा रोगी शोधूनही सापडला नसता.

त्यांचा सिद्धांत सोपा आहे. जन्मभर त्यांनी बॅटऱ्या उघडल्या. टर्मिनलवर पांढरा थर चढला की ते खायच्या सोड्याचं पाणी ओततात, थर फसफसून निघून जातो आणि बंद गाडी सुरू होते. माणसाचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. "बॅटरीत ॲसिड पायजे, माणसात अल्कलाईन. उलटं झालं का गाडी बंद!" मटण, चहा, मैदा, साखर हे सगळं लाल. लवकी म्हणजे दुधी, काकडी, पालक हे निळं. लिंबू आंबट असूनही पोटात गेल्यावर निळं होतं म्हणे. कसं, ते विचारायचं नाही. विचारलं की अर्धा तास जातो.

मी एकदा आमच्या डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, रक्ताचा हा तोल शरीर स्वतःच सांभाळतं, लवकी खाऊन तो हलत नाही आणि बोंडा खाऊनही नाही. मी विजयी मुद्रेनं हे येऊन सांगितलं. युसूफभाईंनी शांतपणे विचारलं, "डॉक्टरसायबांनी कधी बॅटरी खोलली का?"

नाही, असं मला कबूल करावं लागलं. विषय तिथे संपला.

स्वतः मात्र ते बोलल्याप्रमाणे वागत. दुपारी डबा उघडला की उकडलेली लवकी आणि काकडीचे काप. सकाळी उठल्यावर सोड्याच्या पाण्यानं गुळण्या. त्यासाठी घरी स्वयंपाकघरात सोड्याचा एक भला मोठा डबा आणून ठेवलेला. समोरचे दात झिजून अर्धे झालेले. ते वयानं असावेत, असं मी धरून चाललो होतो.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. मी भजी मागवली की ते आधी भाषण देत आणि मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसत. "कशी हाय? मिरची वर आली का? ओवा टाकला का त्यानं आज?" मला वाटे, पथ्य पाळणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं आहे. मग मीही आपला रंगवून रंगवून सांगे. तेल जरा जुनं आहे पण कांदा कसा गोड लागतोय वगैरे. ते पोथी ऐकावी तसे ऐकत. एकदाही हात पुढे आला नाही.

एकदा त्यांच्या चार्जरची वायर जळायला लागली. त्या वासानं मी माझ्या दुकानातून धावत आलो. पाहतो तर हे त्या धुराखालीच काकडी खात बसलेले. "अहो, नाक आहे की नाही?" मी ओरडलो. ते गडबडून उठले, बटण बंद केलं आणि म्हणाले, "मी विचारात होतो." बॅटरीवाला माणूस, कसला विचार करत असेल, असं म्हणत मी माझ्या दुकानात परतलो.

या सगळ्या अल्कलाईनची किंमत मोजत होत्या त्या नसीमभाभी. युसूफभाईंच्या बायकोच्या हाताची चव म्हणजे मोहल्ल्याचा अभिमान. कुणाकडे लग्नाचा दालचा, म्हणजे मटण घातलेली डाळ, चुलीवर असला की मीठ पाहायला भाभींनाच बोलावणं यायचं. त्यांना एक सवय होती. वाढून झालं की समोर बसायचं आणि खाणाऱ्याला विचारायचं, "कैसा हुआ?" नुसतं छान म्हणून चालत नसे. काय कमी, काय जास्त, नीट सांगावं लागे. अशा बाईच्या नशिबी रोज लवकी उकडणं आलं होतं.

एकदा त्या चष्मा घ्यायला आल्या. नंबर तपासून झाला तरी उठेनात. मग म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. माझा हात बिघडला का? इतकी वर्षं यायनं खाल्लं, बोटं चाटली. अन् आता पहिल्याच घासाले म्हणते, ॲसिडिक हाय. मी आता कोणाच्या लग्नात मीठ पाहाले बी जात नाही. घरच्याले आवडत नाही, त्या हातानं लोकाचं कायले बिघडवू?"

मला युसूफभाईंचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना जीभ दाखवली नाही.

मग ईद आली. दर ईदेला मी त्यांच्याकडे शीरखुर्मा प्यायला जातो. भाभी तो बिनसाखरेचा उकळतात आणि ज्याच्या त्याच्या वाटीत वरून पिठीसाखर घालतात. मला थोडी, युसूफभाईंना मुळीच नाही. त्या दिवशी मात्र मी डोळे वटारून त्यांच्याकडे पाहत होतो. त्याचा परिणाम म्हणा किंवा सणाचा, ते एकदम म्हणाले, "आज मले बी शक्कर टाक, नसीम. ईद हाय."

भाभी अक्षरशः धावत आत गेल्या. दोन वाट्या घेऊन बाहेर आल्या, त्यांचा चेहरा उजळला होता.

मी चमचा तोंडात घातला आणि तोंड साबणानं धुतल्यासारखं झालं. गिळवेना, थुंकवेना. शेजारी युसूफभाईंनी वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवली रिकामीच. ओठ पुसले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! तोच हात, नसीम. मिठास एकदम बराबर."

भाभींनी माझं तोंड पाहिलं. पुढे येऊन माझ्या वाटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मिठास बराबर हाय?"

"एकदम."

"हा तुमचा सोडा हाय. घाईत मी तोच डबा उचलला."

युसूफभाई रिकाम्या वाटीकडे बघत होते. शेवटी खाली मान घालूनच त्यांनी सांगून टाकलं. जन्मभर ॲसिडची वाफ नाकातोंडात गेली. आधी दात गेले, मग वास गेला आणि वासामागे चवही. आता गोड काय नि खारट काय, सगळं सारखंच.

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू दर घासाले विचारते, कैसा हुआ. रोज किती झूट बोलू? एखाद दिवशी पकडलोच असतो. तू इतक्या मेहनतीनं करशील अन् ते मले लागणार बी नाही, हे तुले कोणत्या तोंडानं सांगू? लवकीचं बरं हाय. लवकी कशी झाली, कोणी विचारत नाही."

मला त्या क्षणी उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. भाभींच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज मात्र चढला. "नाक तुमचं गेलं, अन् बदनाम माझा हात? मी चूल सोडाले निघाली होती!" एवढं बोलून त्यांनी ओढणी तोंडाला लावली. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर डब्यातून लवकी गेली. आता दुपारी जेवायच्या आधी युसूफभाईंचा फोन वाजतो. ते स्पीकर लावतात, त्यामुळे पातळ भिंतीपलीकडून मला भाभींचा आवाज ऐकू येतो. अंबाडी जरा आंबटच झाली, फोडणीत लसूण चांगला लाल झाला, मीठ बेताचं आहे. हे सगळं ऐकून झालं की ते डबा उघडतात, पहिला घास घेतात आणि मला हाक मारून सांगतात, "भाऊ, अंबाडी आज जरा आंबट हाय. पण लसूण काय लाल झाला!" मी एक घास चाखून पाहतो. तसंच असतं. भाभी पुन्हा लग्नांत मीठ पाहायला जातात. गिऱ्हाइकांच्या जिभा मात्र लिटमसच्या तावडीतून अजून सुटलेल्या नाहीत.

परवा दोन वाजून गेले तरी युसूफभाईंचा डबा बंद होता. सकाळी डबा भरून देऊन भाभी पुसदला बहिणीकडे गेल्या होत्या, फोन लागत नव्हता. माझं जेवण झालं, हात धुऊन झाले.

"जेवा आता, गार होऊन राह्यलं," मी म्हणालो.

त्यांनी डब्यावर हात ठेवला. "थांबा भाऊ. कसं झालं, ते अजून तिनं सांगतलं नाही."