रेगेजी आणि दोन कमलाबाई

रेगेजी हॉटेलात मेन्यूकार्ड वाचत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. ‘‘भिया, ये दाल फ्राय लिखा है. मंगवाई तो दाल फ्राय ही आएगी ना?’’ वेटर बिचारा आमच्याकडे बघतो. लिफ्टचं दार उघडलं, की रेगेजी आधी मान बाहेर काढून मजला बघतात, मगच पाय टाकतात.

इंदूरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले ते सगळ्यात जुने प्रोग्रामर. यादी म्हटली की त्यांना संशय. स्क्रीनवर नावं दिसतात, पण प्रत्येक नावामागे एक नंबर बांधलेला असतो. आपण बोट ठेवतो नावावर, कॉम्प्युटर उचलतो नंबर. ‘‘दिखता नाम है, चलता नंबर है,’’ हे रेगेजींचं वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं. आम्ही हसायचो.

मग अन्नपूर्णा भागातल्या एका हॉस्पिटलचं काम आलं. सगळं तपासून झालं, दुसऱ्या दिवशी सुरू करायचं, तर रेगेजी म्हणाले, ‘‘एकदा वॉर्डात बसून बघतो.’’ मीही सोबत गेले. सिस्टर स्क्रीनवर पेशंटची यादी सरकवत होती. तिच्यात लागोपाठ दोन ओळी आल्या: कमलाबाई जोशी, कमलाबाई जोशी.

‘‘दोनों यहीं हैं?’’

‘‘हां सर. ऊपर वाली खिडकी के पास, नीचे वाली दरवाजे के पास.’’

‘‘नीचे वाली, दरवाजे वाली खोलो.’’

उघडलं ते खिडकीवालीचं पान. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तेच. आमच्यातल्या कुणीतरी नावामागे नंबराऐवजी नावच बांधलं होतं. कॉम्प्युटर बापडा त्या नावाची पहिली भेटेल ती बाई आणून देत होता. खिडकीवालीला पेनिसिलिन चालू होतं. दारवालीला त्याची ॲलर्जी होती.

रेगेजींनी तिथेच स्टुलावर बसून, चूक कुणाची ते न विचारता, सगळं नीट बांधलं. नावापुढे गावही दिसायला लागलं: एक राऊची, एक देवासची. मंदिरात हात जोडावेत, तसे माझे हात आपोआप जुळले होते.

पुढच्या आठवड्यात दुपारी कामानिमित्त पुन्हा तिथे गेले. खिडकीवाल्या कमलाबाईंभोवती सुना, नातवंडं, डबे. दारवाल्या कमलाबाईंजवळ रेगेजी बसलेले. मोसंबी सोलत होते आणि बिया राहिल्या म्हणून बोलणी खात होते.

‘‘नात्यातल्या आहेत?’’ मी हळूच विचारलं.

‘‘नाही गं. यांच्याकडे कोणी येत नाही, सिस्टर म्हणाली.’’ ते थोडे ओशाळले. ‘‘मग सोचा, दुपारचा डबा इथेच खाऊ. तसाही मी एकटाच जेवतो.’’

कमलाबाईंनी मला न्याहाळलं. ‘‘ही कोण रे? तुझी लेक का?’’

रेगेजींनी लग्न केलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि मोसंबीची एक फोड माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि पलंगाच्या कडेला बसले.