नवमीची तारीख

मंदाकिनीबाईंच्या छापखान्यात लग्नपत्रिकेचं प्रूफ घरी न्यायला मिळत नसे. फोनवर फोटोही नाही. गिऱ्हाइकाने यायचं, काउंटरपाशी उभं राहून मोठ्यांदा वाचायचं, मान डोलवायची. मग बाई ते प्रूफ त्याच्यादेखत फाडून टाकत. "घरी नेलं की घरभर वाचतात, आणि मग एक शहाणा ते दुसऱ्या प्रेसमध्ये नेऊन देतो," असं त्यांचं म्हणणं. सदाशिव पेठेतल्या या दुकानातून आजवर एकही पत्रिका चुकीची गेलेली नाही, हे त्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायच्या आधी सांगत. पाणी पुष्कळदा राहूनच जाई.

त्यामुळे दसरा होऊन दुकान उघडलं आणि त्यांचा मुलगा सलिल संगणकासमोर डोकं खाजवत बसला, तेव्हा त्यांना ते रुचलं नाही.

"काय रे?"

"तनयाच्या लग्नाची पत्रिका. शेवटची कुठली, कळत नाहीये."

"नावं दिलेली असतात ना फायलींना?"

"आहेत की. फायनल, नवी फायनल, नक्की फायनल, शेवटची, शेवटची खरी. आणि 'शेवटची खरी' झाल्यावर परत 'फायनल' उघडून तिच्यात बदल केलेत."

"मग एरवी कसं ओळखतोस?"

एरवी सलिल तारखेवरून ओळखत असे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाकली की ठरावीक दिवसांत बदललेल्या तेवढ्याच फायली समोर येत. त्यांतली सगळ्यांत ताजी ती छापायची.

"टाक की मग तुझी ओळ."

सलिलने टाकली. पडदा खालून वर वाहायला लागला तो थांबेचना. दुकानातल्या झाडून सगळ्या पत्रिका आल्या. ज्यांची मुलं आता शाळेत जातात त्यांच्या आल्या, ज्यांचं मोडलं त्यांच्याही आल्या.

"सगळ्यांवर एकच तारीख आहे," सलिल म्हणाला. "खंडेनवमीची."

खंडेनवमीला दुकानातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होई. कात्री, कटिंग मशीन, स्टेपलरसुद्धा. मागल्या वर्षीच्या हळदीने कीबोर्डाचं एक बटण कायमचं बसलं होतं, म्हणून यंदा सलिलने संगणकाला हळद लावू दिली नाही. "मग आतल्या फायलींना तरी हात लाव," असं बाईंनी बजावलं होतं. "वर्षभर त्यांच्यावर जेवतो आपण. एकही सुटता कामा नये." सलिलला बरंच वाटलं. फायलीला नुसता हात लावायची एक आज्ञा असते, 'टच' म्हणून. आतलं अक्षरही हलत नाही, फक्त तिच्यावर त्या क्षणाची तारीख पडते. त्याने ती सगळ्यांना एकदम लावून टाकली आणि बटण वाचवलं.

"तूच म्हणालीस," सलिल म्हणाला.

"मी पूजा कर म्हणाले. तारखा पूस म्हणाले नाही. हात मागे घे तो."

"घेता येत नाही."

"सगळ्या फायलींची दुसरी प्रत ठेवतोस ना त्या बॅकअपच्या डबीत?"

"ती कपाटात होती. 'तिने काय पाप केलंय,' म्हणालीस. म्हणून जोडली. जोडल्या जोडल्या तिने नव्या तारखा उचलल्या."

मग दोघांनी एकेक पत्रिका उघडून पाहिली. फरक एकच होता. मुलीची आत्या मुक्ताबाई, तिचं नाव निमंत्रकांत काहींमध्ये होतं, काहींमध्ये नव्हतं. मुलीच्या आईने, द्वारकाबाईंनी, ते इतक्या वेळा आतबाहेर करवलं होतं की शेवटी आत राहिलं की बाहेर, कोणालाच आठवेना. आणि उद्या पहिली पत्रिका गणपतीपुढे जायची होती.

"फोन करून विचारू?"

"विचारायचं? या दुकानातून?" बाईंनी फोन त्याच्या हातून काढून घेतला. "मी बोलते. विचारल्यासारखं न विचारता."

द्वारकाबाईंनी लगेच उचलला.

"द्वारकाताई, छपाईला घेतोय. मुक्ताबाईंचं काही बदलायचं नाही ना आता?"

"नाही हो काकू. काढलंय ते काढलंयच." मग आवाज खाली आला. "कार्यालयाला नावं ठेवली त्यांनी, चार माणसांत. फक्त एक करा. उद्या वन्सं असतील माझ्याबरोबर. त्यांनी विचारलंच तर 'आमच्याकडून राहिलं' म्हणा. मी तसंच सांगणार आहे. प्रेसवाल्यांचं काय, होतात चुका."

"होतात का," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सलिलने हुश्श केलं. "म्हणजे नाव नसलेली छापायची."

"असलेली."

"आई, त्या स्वतः म्हणाल्या..."

"चूक माझ्या दुकानाच्या नावावर टाकायची होती तिला. माझ्या. छाप मुकाट्याने. आणि थांब, छापायच्या आधी त्या फायलीला एकदा हात लाव."

"कशाला?"

"तारीख पडू दे."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. द्वारकाबाईंनी गठ्ठ्यावरची पत्रिका उचलली, निमंत्रकांपर्यंत वाचली आणि तिथेच थांबल्या. "अहो काकू, ही... आपली शेवटची वेगळी होती ना?"

"हीच शेवटची. सलिल, दाखव यांना."

सलिलने आईकडे न बघता पडदा वळवला. यादीत सगळ्यांत वर एकच फाईल होती, कालच्या तारखेची.

"काय वेगळं होतं गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

द्वारकाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. "काही नाही वन्सं. कागद जरा जाड वाटला."

मुक्ताबाईंनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. "मला वाटलं होतं, गाळतील. छापखान्यात राहून जातं कधीकधी."

"आमच्याकडे राहत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिता पिता मुक्ताबाईंची नजर पुन्हा पडद्यावर गेली. "पण बाकी सगळ्यांवर एकच तारीख कशी हो?"

सलिलने एकदम प्रिंटरचं झाकण उघडलं.

"त्या दिवशी पूजा होती," मंदाकिनीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.