मटार, बाम आणि तिसरी शिट्टी

परीक्षेचा अभ्यास स्वयंपाकघरात करायचा, हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला. बैठकीच्या खोलीत सोफा आहे, आणि सोफा आणि नियमावली एकत्र आली की सात मिनिटांत मला झोप लागते. (बायको म्हणते चार. पण तिने घड्याळ लावून पाहिलंय, मी फक्त झोपलोय.)

परीक्षा हेडक्लार्कची. आमच्या पाणीखात्यात ती पन्नाशीपर्यंतच देता येते. मी एकोणपन्नास वर्षांचा, तीनदा नापास. म्हणजे ही शेवटची संधी. पगार थोडाच वाढतो, पण हेडक्लार्कला खिडकीजवळची हात असलेली खुर्ची मिळते आणि टेबलावर घंटी असते. पंचवीस वर्षं मी बिनहातांच्या खुर्चीवर बसून त्या घंटीला 'आलो साहेब' म्हणत आलोय. खरं सांगतो, मला ती खुर्ची फार हवी होती. एकदा रविवारी काम आहे असं सांगून मी ऑफिसात जाऊन तिच्यावर बसूनही आलो होतो.

तर स्वयंपाकघर. रोज संध्याकाळी मी कपाळाला बाम चोपडायचो (नियमावली उघडली की माझं डोकं दुखतं), फ्रीजशेजारच्या डुगडुगत्या स्टुलावर बसायचो आणि मोठ्याने वाचायचो. बायकोला रिकामे हात दिसले की बघवत नाही. तिने पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर मटारचं ताट ठेवलं.

"तोंडाने वाचा, हातांनी सोला. आणि कुकरकडे लक्ष ठेवा. तिसरी शिट्टी झाली की उठून गॅस बंद करायचा."

महिनाभर असं चाललं. बायकोही आमच्याच खात्यात, आवक-जावक टेबलावर. त्यामुळे मध्येच ती म्हणायची, "अहो, तीस दिवस नाही, पंधरा. नीट बघा. आणि ती आच मंद करा जरा."

परीक्षेला दहा दिवस उरले तेव्हा मेहुणी आली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे तिच्यासमोर मी कपाळ खाजवायलाही घाबरतो. तिने सोफ्यावर बसल्या बसल्या विचारलं, "जिजाजी, निलंबन म्हणजे काय?"

मी छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. पंख्यालाही माहीत नव्हतं.

"ताई, यांना काहीच येत नाही गं!"

"असं कसं? काल तर घडाघडा म्हणत होते."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, स्टुलावर टेकलो, ताटातली एक शेंग उचलली आणि निलंबनाची संपूर्ण व्याख्या पोटकलमांसकट माझ्या तोंडून बाहेर पडली. मी स्वतःच दचकलो. मेहुणी धावत आली. मला बाहेर नेलं: शून्य. आत आणलं: पोटकलमं. असं चारदा झालं. (पाचव्या वेळी मी चहा मागितला.)

"जिजाजी, मेंदूला खूण लागते," ती आनंदाने म्हणाली. "शिकताना आजूबाजूला जे असतं, वास, आवाज, हातातलं काम, ते सगळं त्याच्याबरोबर आत जाऊन बसतं. ती खूण परत मिळाली की शिकलेलं बाहेर येतं."

"म्हणजे परीक्षेला स्वयंपाकघर न्यायचं?"

"जमेल तेवढं न्या."

हे ती गमतीने म्हणाली, असं आता ती सांगते. मी यादी केली. स्टूल नेता येणार नव्हतं. कुकर बायकोने देणार नाही म्हणून सांगितलं. राहिले बाम आणि मटार.

बायकोचा माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून तिनेही फॉर्म भरून टाकला होता. "मला काही हेडक्लार्क व्हायचं नाही," ती म्हणाली. "सोबत म्हणून बसते. तुम्ही मागच्या वेळी प्रश्नपत्रिकेवरच उत्तरं लिहून आला होतात." फॉर्म एकाच वेळी दिल्यामुळे आमचे नंबरही पुढे-मागे आले. ती पुढच्या बाकावर, मी मागच्या.

परीक्षा एका शाळेत होती. गुडघे हनुवटीला लागतील अशा बाकावर मी बसलो, बामची अर्धी डबी कपाळावर चढवली (शेजारच्या गृहस्थांच्या डोळ्यांना धारा लागल्या, त्यांना वाटलं पेपर अवघड आहे) आणि खिशातून सात शेंगा काढून बाकावर ठेवल्या.

सुपरवायझर तीरासारखे आले. "हे काय आहे?"

"मटार."

"मटार कशाला?"

"आठवायला."

त्यांनी एक शेंग उचलली, उजेडात धरली, सोलली. आत सहा दाणे. प्रत्येक दाणा त्यांनी चष्मा वर करून तपासला. मग दुसरी शेंग. मग त्यांनी वरिष्ठ सुपरवायझरांना बोलावलं. दोघांनी मिळून पाच शेंगा सोलल्या. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं, याचा त्यांना फार मनस्ताप झाला. पुढच्या बाकावरची बाई वळूनही पाहत नव्हती. बावीस वर्षांच्या संसारात तिने इतक्या ठामपणे मला ओळख दाखवली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"कॉपी कुठे लपवलीय ते सांगा," वरिष्ठ म्हणाले.

"साहेब, कॉपी असती तर मटार कशाला आणले असते?"

त्यांनी दोन शेंगा मला ठेवू दिल्या, सोललेले दाणे पुरावा म्हणून पाकिटात घातले. (ते पुढे खाल्ले असावेत, कारण पाकीट परत आलं नाही.)

एवढ्या गडबडीत होतं नव्हतं तेही विसरलो. पाऊण तास पेपर कोरा. डोळ्यांसमोर ती खुर्ची, हळूहळू लांब जाताना दिसत होती. आणि तेवढ्यात शाळेमागच्या कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली.

काय सांगू! हातातली शेंग आपोआप फुटली आणि सगळं महापुरासारखं आलं. रजा, प्रवासभत्ता, निलंबन, चौकशी! मी काय लिहितोय ते वाचायलाही वेळ नव्हता. तीन पुरवण्या घेतल्या. पुढच्या बाकावरही पेन सपासप चाललं होतं. वेळ संपली तेव्हा मी उभा राहून स्वतःच्या मनात स्वतःला घंटी वाजवली.

दोन महिन्यांनी साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावर माझा पेपर होता. साहेबांचे खांदे हलत होते. मला वाटलं, भरून आलंय.

"मी वाचतो," साहेब म्हणाले. "प्रश्न पहिला. रजेचा अर्ज कधी द्यावा? तुमचं उत्तर: 'रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा, मग आच मंद करावी.'"

मी मान डोलावली; पंधरा दिवस तर बरोबर होते.

"प्रश्न तिसरा. निलंबित कर्मचाऱ्यास काय द्यावे? 'निर्वाह भत्ता, चमचाभर मीठ आणि वरून झाकण.'"

"साहेब, ते..."

"थांबा, सर्वात चांगलं पुढे आहे. 'चौकशी अधिकाऱ्याने साक्षीदारास प्रथम समोर बसवावे, नंतर उभे चिरावे. फार बारीक करू नये, मागच्या वेळी लगदा झाला होता.'"

दोन मार्कांनी गेलो. म्हणजे मिठाचे आणि झाकणाचे कापले नसते तर पास होतो.

बायको पहिली आली. अख्ख्या खात्यात पहिली.

घरी येताना मी तिच्या दोन पावलं पुढे चालत होतो. मला वाईट वाटलं होतं, लपवत नाही. शेवटी तिनेच विषय काढला. "अहो, मलाही पेपर बघून काही आठवेना. मग मागून तुमच्या बामचा वास आला, आणि सगळी नियमावली तुमच्या आवाजात ऐकू यायला लागली. तुम्ही जिथे चुकायचात तिथे चुकतसुद्धा होती. मी फक्त नेहमीसारखी दुरुस्त करत गेले."

"पण तुझ्या पेपरात मीठ-झाकण कसं नाही आलं?"

"माझं बोलणं मी कुठे ऐकत होते? ते तुम्ही ऐकत होतात." मग ती चालता चालता थांबली. तिचा आवाज थोडा बदलला. "बावीस वर्षं मला वाटायचं, मी भिंतीशी बोलते. साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, तुम्ही अक्षर न् अक्षर ऐकता."

त्यावर मला फार बरं वाटलं. इतकं, की खुर्चीचं दुःख फाटकापर्यंतच टिकलं.

पुढच्या सोमवारी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. दोन्ही हातांवर हात ठेवून, घंटी जवळ ओढून. दुपारी तिला शिपाई हवा होता. तिने घंटी वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजली, आणि मी खुर्चीवरून उठलो, कोणाकडेही न बघता सरळ कॅन्टीनमध्ये गेलो आणि गॅस बंद करून आलो.

साठ माणसांचे बटाटे कच्चे राहिले. हेडक्लार्कबाईंनी सही केलेला पहिला मेमो मला मिळाला. त्यात कुठला नियम मोडला त्याचा क्रमांक होता, पोटकलमासकट. तो तिला माझ्याच तोंडून पाठ झाला होता. मला मात्र खुलासा लिहिताना त्यातलं काहीच आठवेना, बामची डबी घरी राहिली होती.