पेटीत काय होतं?

संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ या पंधरा मिनिटांत देवरावजी ढोक्यांना फोन करू नये. मी एकदा केला होता. मे महिन्यातली गोष्ट. आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, मोटारच्या खोलीची किल्ली देवरावजींकडे, आणि पाणी जिन्यावरून थेट माझ्या दारात. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. "हां, बोल!" असा आवाज आला, इतका मऊ की मला वाटलं नंबर चुकला. मी म्हणालो, "काकाजी, मी खालच्या मजल्यावरून..." पुढचं मला बोलताच आलं नाही.

"घड्याळ नाही काय तुह्या घरी? फोन काहून अडकवून राहिला गा? ठेव! ठेव पहिले!"

टाकी पावणेआठपर्यंत वाहिली. मग ते स्वतः खाली आले, मोटार बंद केली, माझ्या दारातलं तळं पाहिलं आणि मलाच म्हणाले, "इतलं पाणी वाया जाऊन राहिलं, सांगता नाही येत काय?"

अशा माणसाबद्दल लिहिताना 'पण माणूस मनाने चांगला' असं दुसऱ्याच परिच्छेदात लिहून टाकायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. सहा वर्षं मी त्यांच्या खाली राहतो आहे आणि त्यातली निदान चार वर्षं मी चिडलेला आहे.

देवरावजींनी नागपूरच्या लकडगंजात एका आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, तीस वर्षं लाकूड मोजायचं काम केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बंडीच्या खिशातला टेप काही सुटला नाही. मी नवीन सोफा घेतला तेव्हा अभिनंदन करायच्या आधी त्यांनी तो लांबीरुंदीत मोजला आणि जाहीर केलं की हा दरवाज्यातून आत येऊच शकत नाही. सोफा आत होता. ते त्यावर बसले होते. तरी म्हणाले, "माप माप असते." जगातल्या सगळ्या बिघाडांसाठी त्यांच्याकडे एकच निदान आहे: "कच्चं कापलं!" ओलं लाकूड वाळायच्या आधीच करवतीला लावलं की फळी वाकते, तडकते. न्हाव्याने केस नीट भिजवले नाहीत, कच्चं कापलं. माझ्या पुतणीचं लग्न तीन आठवड्यांत जमलं, कच्चं कापलं. आणि 'लिंबाखालचं घर' ही मालिका जानेवारीत बंद झाली तेव्हा तर हे दोन शब्द आमच्या जिन्यात दिवसाला पन्नास वेळा घुमायला लागले.

मालिका रोज सात ते साडेसात लागायची. घरातली थोरली बाई जानकीबाई, आणि तिच्या खाटेखाली एक कुलूपबंद लोखंडी पेटी. मुलं, सुना, जावई, सगळ्यांचा डोळा त्या पेटीवर. तीन वर्षं कुणी ना कुणी त्या कुलपाला हात लावायला जायचं आणि जानकीबाई खाकरायची. मग एका सोमवारी जाहिरात झळकली, 'शेवटचा आठवडा'. शुक्रवारी धाकट्या मुलाचं लग्न लागलं, सगळे नाचले, जानकीबाईसुद्धा नाचली, आणि मालिका संपली. पेटी खाटेखालीच राहिली.

त्या शुक्रवारपासून आमच्या इमारतीत दोन पक्ष झाले. मालिका लवकर बंद केली म्हणणाऱ्यांचे पुढारी देवरावजी. बरं झालं बंद केली म्हणणाऱ्यांच्या पुढारी तळमजल्यावरच्या कुसुमताई देशकर. कुसुमताईंनी शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे आपण बोलतो ते धड्याखालच्या प्रश्नाचं अचूक उत्तर असतं, असा त्यांचा समज आहे. गेटजवळच्या बाकावर रोज सकाळी खणाखणी चाले.

"ढोके, सगळं दाखवायचं नसतं. ती पेटी म्हणजे जानकीबाईंचं मन होतं. मुळात मालिका वर्षभर उशिराच संपली."

"मन कोणी खाटेखाली ठेवते काय?"

"अहो, प्रतीक असतं ते!"

"प्रतीक असतं तं दोन गडी काहून लागले उचलाले? पहिल्या महिन्यात दोघांनी उचलून आणली होती, मी सोता पाहिली. वजन होतं तिच्यात! काय होतं, थे सांगा."

"मला काय माहीत!"

"मंग लवकरच बंद केली नं! कच्चं कापलं!"

होळीच्या बैठकीत हे दोन पक्ष वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसले आणि लाकडं कुणी आणायची हेच ठरलं नाही. लाकडात तीस वर्षं काढलेला माणूस हजर असून आमची होळी पुठ्ठ्यांची झाली.

माझ्या कपाळी आला पत्रव्यवहार. मी सरकारी कचेरीत कारकून, म्हणून वाहिनीला इमेल लिहायचं काम माझं. देवरावजी सांगायचे, "लिही. तुम्ही माणसं आहात का करवत?" मी लिहायचो, "महोदय, कृपया..." मोबाईलमध्ये डोकं घालून ते मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि भडकायचे. "कृपया कोठून आलं? मी म्हटलं काय कृपया?" असे एकोणीस इमेल गेले. एक उत्तर आलं, 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. आमची नवी मालिका जरूर पाहा.' ते त्यांना वाचून दाखवलं ही माझी चूक. "प्रेम? कोणी केलं प्रेम? कोणाले म्हणून राहिला हा प्रेम?" असं ते मलाच विचारत होते, जणू उत्तर मीच धाडलं होतं.

आणि मग मारबत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तिच्याबरोबर मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे निघतात. ज्याचा राग असेल त्याचा पुतळा करायचा, नाव लिहायचं, गावभर शिव्या घालत न्यायचा आणि शेवटी जाळायचा. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या. शहाण्या लोकांचे राग असे असतात. देवरावजींनी मालिका बंद करणाऱ्याचा बडग्या केला.

आठ दिवस आमच्या पार्किंगमध्ये बांबू, सुतळी आणि खळ यांचं राज्य होतं. माझी स्कूटर उन्हात. बडग्या नऊ फुटांचा, मोजून नऊ, हातात पुठ्ठ्याची करवत, बुडाखाली पेटी, आणि गळ्यात पाटी: 'पेटीत काय होतं? सांग, नाही तं जाय!' मिरवणुकीत मी गेलो नसतो, पण बडग्याचा डावा पाय धरायला माणूस कमी पडला. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ उन्हातान्हात चार तास घसा फोडून ओरडत होता, "घेऊन जा गे मारबत!" लोक विचारत होते, कोणता घोटाळा आहे हा? मी मान खाली घालून पाय धरून चालत होतो.

एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर थांबला. देवरावजींनी टोपी सरळ केली, पाटी पुढे घेतली आणि त्याला म्हणाले, "नागपूरच्या पानात नाही आला तरी चालते. नरखेडकडच्या पानात टाक."

"का हो?"

"टाक म्हटलं नं."

दुसऱ्या दिवशी फोटो आला, नागपूरच्या पानात. नरखेडकडच्या आवृत्तीत आला नाही, हे त्यांनी बसस्टँडवर जाऊन तिकडचा पेपर मागवून पाहिलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे वर गेलो तो भांडायलाच. माझ्या स्कूटरवर बांबूचा वीतभर ओरखडा होता. ते खुर्चीत बसले होते, समोर स्टुलावर फोन, मांडीवर पेपर. टीव्ही बंद. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाप्पा, मरमर करून बडग्या केला अन् कोठी छापला त्यानं!" ते म्हणाले.

माझा तोल गेला. "काकाजी, पुरे झालं आता! मालिका संपली. आठ महिने झाले. लोक हसतात तुम्हाला, आणि तुमच्यामुळे मला. नरखेडात कोण बसलं आहे तुमचा फोटो पाहायला?"

ते ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ते ओरडले नाहीत.

"माहा भाऊ आहे तिकडे," ते म्हणाले. "मोठा. श्रावणदादा."

सहा वर्षांत त्यांना भाऊ आहे हे मी ऐकलं नव्हतं. वडिलांची संत्र्याची बाग दोघांत वाटली गेली, विहीर मात्र एकच. पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात जुंपली. देवरावजी त्या दिवशी विहिरीवर उभं राहून मोठ्या भावाला बोलू नये ते बोलले. काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही. नंतर अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग मालिका सुरू झाली त्याच महिन्यात एका संध्याकाळी साडेसातला फोन वाजला.

"म्हणे, मी श्रावण. इकडं लाईन गेली. जानकीबाईनं पेटीले कुलूप लावलं का नाही? बस, इतकंच. कसा आहे नाही, काय नाही. मी म्हटलं, लावलं. थो म्हणे, बरं. अन् ठेवला."

"मग?"

"मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा. इकडं लाईन गेली, पुढं काय झालं? तीन वर्षं रोज त्याच्या गावची लाईन जाये."

"रोज वीज जायची?"

"रोज. अन् मागून त्याच्या टीव्हीचा आवाज ये मले. साबणाची जाहिरात चालू राहे." त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी काय म्हणू? म्हणो, गेली तं गेली बावा. अन् मंग सांगो त्याले अख्खा एपिसोड, पयल्यापासून. थोही ऐके. पंधरा मिनिटं."

मी खाली बसलो. ओरखडा कुठल्या कुठे गेला.

"आता थो काय विचारीन? मालिकाच नाही तं लाईन गेली म्हणून काय सांगीन? अजून दोन वर्षं चालली असती नं गा, तं आम्ही बोलत बोलत विहिरीपर्यंत आलो असतो." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "कच्चं कापलं त्यायनं."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या वाहिनीतल्या कुणा अनोळखी माणसाचा, ज्याने एका सोमवारी 'शेवटचा आठवडा' असं टाकून दिलं आणि घरी जाऊन जेवला. त्याचा बडग्या आम्ही नऊ फुटांचाच केला, याचंही वाईट वाटलं. आणि आठ महिने मी 'कृपया' लिहीत बसलो, याची लाज वाटली.

"मग तुम्ही करा ना फोन!" मी ओरडलोच.

"मी कायच्यासाठी करू? माह्याकडं तं लाईन होती. मी काय विचारू त्याले?"

"पेटीत काय होतं ते विचारा! साऱ्या नागपूरला विचारून झालं, त्यांना विचारलं का एकदा तरी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. बरोबर साडेसात झाल्याशिवाय त्यांनी मला नंबर लावू दिला नाही. मी स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला गेला.

"हां, बोल!" असा आवाज आला. अगदी तसाच मऊ.

देवरावजींनी फोन माझ्यापुढे धरला. मी त्यांचा खांदा हलवला.

"पेटीत काय होतं?" ते एकदम गरजले. नाव नाही, गाव नाही.

तिकडून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग, "रिकामी होती."

"रिकामी कशी? दोन गडी लागले उचलाले!"

"गडी आळशी असन. रिकामीच होती. अन् मालिका बरोबर टायमावर संपली. लांबवून काय करत होते?"

"बरोबर? तुले बरोबर वाटून राहिलं? कच्चं कापलं दादा त्यायनं!"

"तुले सगळंच कच्चं वाटते. लहानपणापासून."

पस्तीस मिनिटं दोघे भांडले. इतकं कडाक्याचं भांडण मी आमच्या बाकावरही ऐकलेलं नाही. देवरावजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते, टेप काढून पेटीची लांबी फोनला दाखवत होते. विहिरीचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी तिकडून आवाज आला, "ठेवतो आता. इकडं लाईन गेली. बाकीचं उद्या सांगजो."

त्याच्या मागे टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने बातम्या देत होतं.

"बरं," देवरावजी म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्यावर खेकसले, "पाहून काय राहिला? रिकामी म्हणते पेटी! काही समजत नाही त्याले. निव्वळ अडाणी आहे." डोळे पुसायला त्यांनी पेपरच घेतला, फोटोच्या बाजूने.

आता फोन न करायची वेळ साडेसात ते सव्वाआठ झाली आहे. भाऊ अजून पेटीवरच अडलेले आहेत, विहीर बरीच लांब आहे. काल साडेसातला टाकी पुन्हा भरून वाहायला लागली आणि पाणी जिन्यावरून माझ्या दारात आलं. मी पायपुसणं उचललं, चपला आत घेतल्या आणि सव्वाआठ व्हायची वाट पाहत बसलो.