ज्ञानूनाना आणि चांदीचं कडं

ज्ञानूनानाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यानं मला नाव-गाव काही विचारलं नाही. सरळ माझं मनगट धरलं, दंड चाचपला, दोन पावलं मागं सरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या पोस्टमनकडं बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, तुमची जोड ह्यो. पर तुमी पडशीला."

मी सांगलीहून कराडजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावात शाळामास्तर म्हणून नुकताच आलो होतो. पोस्टमनशी माझं काडीचंही वैर नव्हतं. तो मात्र त्या दिवसापासून मला टपाल देताना छाती काढून उभा राहू लागला.

गावात लहानथोर सगळे नानाला अरे-तुरेच करत, म्हणून लिहिताना मीही तेच करतो. तोंडावर तसं म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही. साठी उलटलेला माणूस, पण मान अजून खांबासारखी, आणि कान कुस्तीत चुरगळून गेलेले. चैत्रातल्या जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावायचं काम त्याचं. सकाळी गावोगावचे पैलवान जमायचे आणि नाना नुसत्या नजरेनं कुणाची कुणाशी लावायची ते ठरवायचा. जोड चुकली तर कुस्ती एका झटक्यात संपते आणि लोक शिव्या घालतात. नानाची जोड सहसा चुकत नसे.

पण जत्रा वर्षातून एकच दिवस. बाकीचे दिवस ती नजर रिकामी राहणार कशी? म्हणून नाना दिसेल त्याची जोड लावत असे. पाटलांच्या भाच्याच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मान काढून बघून तो मोठ्यानं म्हणाला होता, "पोरगी जड हाय." वरपक्षानं हे फार मनाला लावून घेतलं. वर्षभरात नानाचा अंदाज खरा ठरला, ही गोष्ट वेगळी.

त्याचा दुसरा चाळा म्हणजे एक प्रश्न. कुणी काही जिंकल्याचं सांगितलं की नाना विचारायचा, "कुणासंगं?" पाटलांचा मुलगा गावातून मॅट्रिकला पहिला आला तेव्हा पेढा तोंडात टाकता टाकता त्यानं विचारलं, "कुणासंगं?" गावातून एकटाच बसला होता, असं मी सांगितलं. "मंग ती कुस्ती न्हवं, मास्तर. नुसती मेहनत झाली," म्हणून त्यानं दुसरा पेढा उचलला. लढाई संपली आणि मी चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवलं की जर्मनी हरली, तेव्हाही तेच. मी एकेक देशाचं नाव घेत गेलो. नानाचा चेहरा उतरत गेला. "एकाच्या अंगावर एवढी?" तो म्हणाला. "ही जोड लावली कुणी?"

तर अशा माणसाला पाटलांनी एका बक्षिसाचा निकाल लावणाऱ्या पंचांत घेतलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

लढाईवरून आमच्या गावचे बरेच लोक परत आले होते. त्यांत खालच्या आळीचा जयसिंग हवालदार होता. त्यानं पलटणीच्या शर्यतीत, तिकडं इटलीत, पहिला नंबर काढला होता. बक्षिसाचा कप त्यानं घरी आणला, आणि त्याची आई त्या कपानं शेजारणींना शेंगा मोजून देत असे. पाटलांच्या मनात आलं की गावातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा जत्रेत सत्कार करावा, चांदीचं कडं द्यावं. त्यांच्या मनात हवालदार होता. पण कडं म्हणताच वरच्या आळीनं तुकाराम पैलवानाचं नाव पुढं केलं. तुकाराम कराडपासून सांगलीपर्यंतची मैदानं मारून आला होता. सोनार वरच्या आळीचा, त्यानं निकाल लागायच्या आधीच कडं तुकारामाच्या मनगटाच्या मापानं घडवलं. हवालदाराच्या हातात ते कोपरापर्यंत जात होतं.

गावात दोन तट पडले. एकमेकांच्या दारातली भाकरी बंद झाली. शेवटी पाटील वैतागले आणि म्हणाले, "निकाल लावा, न्हाईतर औंदा कुस्त्या बंद. मला जत्रंत डोकी फुटायला नगंत." मी नानाकडं पाहिलं. त्याच्या घरी बायको नाही, मूल नाही. एक म्हैस आणि ही कुस्त्यांची जत्रा, एवढाच त्याचा संसार. कुस्त्या बंद म्हणजे नानाचं वर्षच वाया.

आता तरी हा माणूस कुणातरी एकाच्या बाजूनं बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. मारुतीच्या देवळात बैठक बसली. नानानं आधी हवालदाराला घेतलं.

"कुणासंगं पळलास?"

"गोरे व्हते, गुरखे व्हते, लय जण व्हते, नाना."

"तुझ्या बरोबर पळत व्हते का मागं?"

"मागं. म्हणून तर नंबर आला."

"मंग जोड कुठं लागली, रं? तू म्होरं, त्ये मागं. गाठच पडली न्हाई."

वरची आळी खूष झाली. तुकारामाचा बाप मिशीला हात लावून पाडलेल्यांची नावं सांगू लागला. प्रत्येक नावाला नाना मान हलवायचा. "त्येला हिवताप व्हता... त्येचं आदल्याच हप्त्याला लगीन झाल्यालं... त्येचा गुडघा बाद हाय, पाटणच्या मैदानात मीच मीठ लावून शेकला व्हता..." शेवटी म्हणाला, "तुझ्या पोरानं पाडली ती समदी आधीच अर्धी पडल्याली व्हती. पोरगं चांगलं हाय. त्येला अजून जोड गावली न्हाई."

आता दोन्ही तट नानावर उलटले. आरडाओरडा इतका झाला की पुजारी मारुतीला कुलूप लावायला निघाला. मला एकाएकी सुचलं. मी उठून म्हणालो, "कडं नानांनाच द्या. इतकी वर्षं सगळ्यांच्या कुस्त्या ह्यांनीच लावल्या."

माझ्या उभ्या आयुष्यात माझं म्हणणं इतक्या लवकर कुणी मान्य केलं नसेल. दोन्ही तटांना विरुद्ध पार्टीला कडं मिळणार नाही, एवढंच हवं होतं. पाटलांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात तुकारामाचा बाप फणकारला, "द्या की. पर ह्येनं जल्मात पाडलंय कुणाला?"

बोलणं खरं होतं, हे म्हाताऱ्यांनीच सांगितलं. तरुणपणी नाना जत्रेत वर्षाला एकच कुस्ती करायचा, आणि ती म्हसवडच्या अब्बास पिंजाऱ्याशी. दिवस मावळेपर्यंत लढायचे आणि दर साली कुस्ती बरोबरीत सुटायची. पुढं दोघांचेही गुडघे गेले आणि ते थांबले.

"खरं हाय," नाना म्हणाला. "मी त्येला पाडलं न्हाई, त्येनं मला न्हाई. कडं द्यायचं आसंल तर अब्बासला द्या."

"आरं, त्यो गावचा तरी हाय का?" पाटील म्हणाले.

"मंग कुस्त्या बंद ठेवा."

हे नाना म्हणाला. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. तो मात्र जागचा हलला नाही. पाटलांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बोलाव तुझ्या अब्बासला. तुमी दोघंच काय ती वाटणी करा."

दुसऱ्या दिवशी नाना पाटलांची बैलगाडी जुंपून निघाला. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तो अब्बासला घेऊन परत आला. गाडीत कापसाची गादी, गादीवर मेंदी लावलेल्या दाढीचा एक भला दांडगा म्हातारा. दोघं भांडतच उतरले. गाडी कुणी हाकावी यावरून म्हसवडपासून भांडण चाललं होतं, असं कळलं.

जत्रेत मैदानाच्या मधोमध कडं पुढं आलं आणि नवीनच वाद उभा राहिला.

"ह्येला द्या, ह्यो लई ताकदीचा," नाना म्हणाला.

"कुणी सांगितलं? ताकद ह्येचीच. माझं नुसतं दिसणं मोठं."

"गप बस, पाव्हणा हाईस तू."

"आन तू काय जावई हाईस? घे की."

लोक पोट धरधरून हसत होते. इतके दिवस कड्यासाठी एकमेकांच्या उरावर बसणारी दोन्ही आळ्यांची माणसं शेजारी शेजारी बसून हसत होती. शेवटी नानानं अब्बासचा हात जोरात धरला आणि कडं चढवलं. ते बरोबर बसलं. अब्बासला आणखी वाद घालायचा होता, पण हलगी वाजू लागली.

नाना लाल मातीत शिरला आणि जोडी लावू लागला. कडुनिंबाच्या सावलीत मी आणि अब्बास बसलो. कडं हातात फिरवत तो नानाकडं बघत होता. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्याली माणसं. तुमाला सांगतो, त्येला सांगू नगा. ह्येनं मला एकदा पाडलं व्हतं."

"पण कुस्ती तर बरोबरीत..."

"एक खांदा टेकला व्हता माझा. दुसऱ्याला नुसतं बोट लावायचं ऱ्हायलं व्हतं. आन ह्येनं पकड सोडली. पंचाला दिसलं न्हाई. मला कळलं."

पैलवानाला कुणी जाणूनबुजून सोडणं म्हणजे केवढा अपमान, हे एवढ्या वर्षांत मलाही कळत होतं. "मग राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. म्हसवडपतुर तोंडात पानी घेतलं न्हाई. घरी गेल्यावर डोकं थंड झालं." त्यानं मैदानाकडं हात केला. "हितला कायदाच हाय, मास्तर. एकदा निकाल लागला की ती जोड मोडली. म्होरल्या साली दुसरा गडी, दुसरी जोड. मला पाडलं असतं तर मी हितं यायचो कशाला? आन ह्येची बायकू त्याच साली प्लेगात गेल्याली. घरात बोलायला चिटपाखरू न्हाई. मी यायचो तवा चार दिस ऱ्हायचो ह्येच्याकडं. सोताच्या हातानं भाकरी थापून घालायचा मला."

मी त्या माणसाला इतके दिवस नुसता हसत होतो.

"आणि पुढच्या साली?" मी विचारलं.

"म्होरल्या साली आलो. लय ताव खाऊन आलो व्हतो. दिस मावळायच्या वक्ताला ह्यो माझ्याखाली घावला, पुरता उताणा." अब्बासनं दाढीवरून हात फिरवला. "पर मला बी फुडच्या साली यायचं व्हतं की."