अण्णांनी पास केलेला पिच्चर

तिकिटाच्या खिडकीपाशी माणसं पिच्चर कसा आहे असं विचारतात, फार तर नटी कोण असं विचारतात. आमचे शेजारी चन्नप्पाअण्णा खिडकीत तोंड घालून विचारत, "ह्यात येडं हाय का?"

उत्तर काहीही आलं तरी तिकीट मात्र ते काढतच. खिडकीतल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला ते काय नवखे गिऱ्हाईक होते?

सत्तरच्या दशकातल्या त्या दुष्काळी वर्षांत मी सोलापुरात मास्तर म्हणून आलो आणि भवानी पेठेत खोली घेतली. भिंतीला भिंत लागून अण्णांचं घर आणि खाली त्यांचं चादरींचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी आणि बगलेत छत्री. आभाळात औषधालाही ढग नसताना छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "असू दे की मास्तर. छत्री बगून तर येऊ दे."

दर शुक्रवारी नवा पिच्चर लागला की दुकान वहिनींच्या हवाली करून अण्णा पहिल्या खेळाला हजर. बाकीची माणसं करमणुकीला जात, अण्णा पेपर तपासायला जात. सगळं थेटर खदखदा हसत असताना हे कपाळाला आठ्या घालून बसलेले. मांडीवर छत्री, हाताची बोटं छत्रीच्या मुठीवर. सुटल्यावर पानाच्या टपरीवर मंडळी निकालाची वाट बघत असायची.

"काय अण्णा?"

"नापास." नाहीतर, "पास." कारण विचारायची सोय नव्हती.

त्या निकालाचं गणित मला बरेच दिवस कळलं नाही. तीन खून, एक दरोडा आणि क्लबातला नाच असलेला पिच्चर अण्णांनी पास केला होता. आणि सासूसुनेचा एक घरगुती, सोज्वळ पिच्चर, ज्याला मी आमच्या हेडमास्तरांना सहकुटुंब धाडलं होतं, तो नापास. शेवटी टपरीवाल्यानंच उलगडा केला. खून चालतो, दारू चालते. येडं चालत नाही.

येडं म्हणजे काय ते त्या काळी पिच्चर बघणाऱ्याला सांगायला नको. पंचवीस-तीस वर्षांचा बाप्या, अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, तेल थापून मधोमध पाडलेला भांग. जीभ बाहेर, बोलणं बोबडं. कुणीही यावं आणि त्याला टपली मारावी. नोकरानं थोबाडीत माराव्यात, पाटलानं लाथ घालावी, बायकांनी लुगडं नेसवून नाचवावं. तो पडला की पब्लिक हसतं, रडला की जास्त हसतं. मीही हसत होतो. पैसे टाकून आत गेल्यावर माणूस हसतोच.

अण्णांचा या येड्यावर एवढा राग का, यावर पेठेत चर्चा व्हायची, पण ती नव्या माणसांतच. जुन्यांना कारण माहीत होतं. ते कारण अण्णांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून चादरींच्या घड्या घालत असायचं. मल्लू. अण्णांचा धाकटा भाऊ, वय पस्तिशीचं, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. घडी मनासारखी बसली की तिच्यावर गाल टेकायचा. मला बघितलं की दर वेळी नव्यानं आनंद व्हायचा त्याला. "मास्तर आला, मास्तर आला," असं तो साऱ्या दुकानाला सांगायचा.

मल्लूला पिच्चरचं भारी वेड. त्यातून घोडे असले की विचारू नका. अण्णांचं शुक्रवारचं तपासकाम त्याच्यासाठीच होतं. पास झालेला पिच्चर रविवारी तीनच्या खेळाला ते मल्लूला दाखवत. दिवे गेल्यावर आत जायचं, मध्यंतराला अण्णांनी त्याच्यापुढं आडोसा करून उभं राहायचं आणि शेवटचं गाणं आटपलं की दिवे लागायच्या आत बाहेर पडायचं. असा त्यांचा शिरस्ता.

"मागं एकदा नेलतं न बगता," अण्णांनी मला एकदा सांगितलं. "त्यात निगालं येडं. दुसऱ्या दिवसापास्नं ह्याला त्याच नावानं हाका. देवळात जाताना, दुकानात बसल्यावर, नाडी वडायला बी यायचे. सा म्हैने. आनि हे हसायचं वो मास्तर. त्याला वाटायचं, लोकं लाड करायलेत."

मी आपलं शिकलेल्या माणसाला शोभेल असं बोललो. म्हणालो, विनोद असतो तो अण्णा, एवढं मनावर काय घ्यायचं?

अण्णांनी हातातली चादर खाली ठेवली. "पिच्चरात आंदळा आला तर त्याला गानं देत्यात. लंगडा आला तर शेवटाला डागदर देत्यात, त्यो चालाय लागतोय. येड्याला काय देत्यात सांगा की. लाथ." मग चादर पुन्हा उचलून म्हणाले, "आनि ते सोंग काडनारा लई हुशार असतंय हां."

मी चहा मागितला.

एका शुक्रवारी अण्णा थेटरातून चक्क हसत आले. नापास तर नाहीच, पहिल्या वर्गात पास. घोडे भरपूर, येडं औषधाला नाही. खुशीत येऊन मलाही रविवारचं आमंत्रण दिलं. आम्ही तिघं गेलो. मल्लूच्या खिशात शेंगा, अंगात धुतलेला सदरा. दिवे गेल्यावर शिरलो. घोडे आले तसा मल्लू टाळ्या पिटायला लागला आणि अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. पडद्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

आणि मध्यंतरानंतर तो आला. अर्धी चड्डी, लोंबती नाडी, बाहेर जीभ. थेटर हसून कोसळलं.

झालं होतं ते असं. पिच्चरच्या रिळांची पेटी एकच आणि चालवणारी थेटरं दोन. एकीकडं रीळ संपलं की सायकलवरून दुसरीकडं न्यायचं. शुक्रवारी सायकल वाटेत पंक्चर झाली, एक रीळ पोचलंच नाही, म्हणून ऑपरेटरनं पुढचं लावून दिलं. पब्लिकला पत्ता लागला नाही, कारण त्या रिळात फक्त येडं होतं. ते काढलं तरी गोष्टीत कुणाचं काही अडत नव्हतं. हे मला डोअरकीपरनं नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की अण्णा खुर्चीतून अर्धे उठलेत आणि "साकु, साकु, पुरे, चल घरी," असं कानडी-मराठीत पुटपुटत मल्लूचा दंड ओढतायत.

मल्लू हलेना. तो डोळे विस्फारून बघत होता. पडद्यावर त्या येड्याला गाढवामागं बांधून पळवत होते. पुढं सांगायला जीभ रेटत नाही, पण मी हसलो. ते पडणं होतंच तसं, आणि सगळ्यांबरोबर माझंही हसू सुटून गेलं.

मल्लू मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, त्याचा अण्णा कुटं हाय?"

आजूबाजूची दहा-बारा डोकी वळली. कुणीतरी हसलं. अण्णा मटकन खाली बसले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आमची रांग आत जावी.

रीळ संपलं, येडं गेलं. नायक-नायिकेचं लग्न लागलं, दिवेही लागले. आज पहिल्यांदाच अण्णा आधी बाहेर पडले नव्हते, कारण मल्लू खुर्चीचा दांडा धरून बसला होता. जाणारी माणसं मान वळवून बघत होती. अण्णांची मान इतकी खाली गेली होती की टोपी पडेल असं वाटलं.

"मल्लू, ऊठ की रे. लोकं बगायलेत."

"त्याला न्यायला कोन आलं न्हाय," मल्लू म्हणाला.

"कुनाला?"

"त्याला. त्याचा अण्णा आला न्हाय."

अण्णा मान वर करून, जाणाऱ्या लोकांकडं न बघता म्हणाले, "त्याला अण्णा न्हाय, मल्लू. पिच्चर लिवनाऱ्यानं दिलाच न्हाय."

मल्लूनं विचार केला. विचार करताना तो ओठ चावायचा. "मग आपन नेऊ की घरी," तो म्हणाला.

अण्णांनी डोळे पुसले नाहीत. भरल्या थेटरात, लख्ख दिव्यात, सगळ्यांच्या देखत त्यांनी भावाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "व्हय. नेऊ की. बोलव त्याला."

बाहेर अजून ऊन होतं. खेळ सुटल्याची ही गर्दी. दर वेळी अण्णा ज्यांना चुकवून जात, ती सगळी पेठ आज समोर उभी होती. अण्णांनी घाई केली नाही. टांगा बोलावला. मल्लू मागच्या बैठकीवर चढला, एका कडेला सरकला आणि मधल्या जागेवर हात फिरवून ती साफ केली. अण्णा दुसऱ्या कडेला बसले आणि पाठीमागच्या दांड्यावर हात लांब टाकला, मध्ये कुणी बसलं असतं तर त्याच्या खांद्यावर आला असता असा.

मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा मल्लू म्हणाला, "मास्तर, तू म्होरं बस. हितं त्यो बसलाय."

मी पुढं टांगेवाल्याशेजारी जाऊन बसलो. घर येईपर्यंत मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मघाशी मी त्यालाच हसलो होतो.