स्टुलातला जावई

"अठरा भागांचं स्टूल बारा भागांत बसवून दाखवते! आणि भार पेलेल आधीइतकाच!" ताईंनी मालकांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं. तळहात चोळला तो बाहेर आल्यावर.

घडीची स्टुलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ताई वीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवत होत्या. आता नवा डिझाइन विभाग निघणार होता. बारा भागांत जमलं तर विभाग ताईंचा, नाही तर बाहेरून कोणी पदवीवाला येणार! ताईंकडे पदवी नव्हती. होता एक प्रश्न, कुठल्याशा पुस्तकात वाचलेला. प्रत्येक भागाला विचारायचं, 'बाबा रे, तुझं काम काय? आणि ते शेजारचा करेल का?' करत असेल, तर ह्याला नारळ!

तीन आठवडे ताईंनी त्या स्टुलाची फौजदारासारखी उलटतपासणी घेतली. पाच भाग मुकाट्याने गेले. सहावा होता बैठकीखाली, दोन पायांच्या मधे बसलेला रबरी ठोकळा. मिस्त्री त्याला 'जावई' म्हणायचे आणि तो ज्या दांडीवर बसायचा तिला 'सासरा'.

"जावई का हो?"

"नुसता बसलेला असतो ना! पण काढा म्हणायची छाती आहे कुणाची?"

ताईंची होती. कारखान्यात सगळे घेत तीच नावं घालून त्यांनी अहवाल लिहिला: 'जावई: कित्येक वर्षं मधोमध बसून आहे. काम शून्य. सासऱ्यावर नाहक भार. ताबडतोब काढावा.' आणि कागद मालकांच्या टेबलावर ठेवून दिला.

आता घोटाळा असा, की मालकांचे खरोखरचे जावईही ह्याच कारखान्यात होते. ते 'एकंदर देखरेख' करायचे. म्हणजे काय, ते त्या देखरेखीलाच ठाऊक! आणि मिस्त्रींची ही टोपणनावं मालकांच्या कानांवर कधी गेलीच नव्हती. घालणार कोण?

तासाभरात बोलावणं आलं.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. तीन आठवडे नीट पारखून."

"पारखून!"

"काढूनसुद्धा पाहिला की! मंगळवार-बुधवार. कुणाचं काही अडलं नाही."

मालकांनी आठवून पाहिलं. मंगळवार-बुधवार जावई रजेवर होते, आणि खरंच कुणाचं काही अडलं नव्हतं!

"पण माझ्या मुलीचं काय?"

"बिनधास्त बसू दे त्यांना. शंभर किलोपर्यंत काळजी नाही!"

"ताई!!"

"आणि अगदीच ओकंबोकं वाटलं, तर त्याच्या जागी पत्रा ठोकू."

"कुणाच्या जागी पत्रा?" दारात साक्षात जावई उभे!

ताईंनी कागदाकडे पाहिलं, जावयांकडे पाहिलं आणि घोटाळा लक्षात येऊन ताईंची कानशिलं तव्यासारखी तापली. दुसरी कोणी असती तर राजीनामा देऊन मोकळी झाली असती. ताई धावत गेल्या आणि स्टूल घेऊनच परतल्या.

"इथला रबरी ठोकळा! त्याला जावई म्हणतात! तुम्ही नव्हे हो! तोच काढलाय. बसून बघा!"

जावई बसले. स्टूल ठणठणीत! मालकांच्या जिवात जीव आला.

"छान आहे की! मिटतं कसं?" म्हणत जावयांनी ते मिटलं आणि अशी किंकाळी फोडली की खालची मशिनं थांबली! बोट दोन पायांच्या मधोमध!

त्या दोन दिवसांत स्टुलावर सगळे बसले होते, चढले होते, एकजण तर नाचला होता. मिटून कुणीच पाहिलं नव्हतं. ताईंनीसुद्धा!

बोटाला पट्टी बांधून होईपर्यंत ताई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी अहवाल ओढून घेतला आणि 'काम शून्य' खोडून लिहिलं, 'बोटं वाचवतो. ठेवावा.'

"तेरा भाग झाले साहेब," त्या म्हणाल्या. "बारा म्हणाले होते. चूक माझी."

मालकांनी ती खाडाखोड बराच वेळ न्याहाळली.

"पदवीवाल्याने हे खोडलं नसतं, मलाच समजावत बसला असता. विभाग तुमचा."

ताई उभ्या जागी वीतभर उंच झाल्या.

"आणि मदतीला एक माणूस देतो," बोटावर फुंकर घालत बसलेल्या जावयांकडे बघत मालक हळूच म्हणाले. "ठोकळ्याचं काम शोधलंत, आता ह्यांचंही शोधा. वर्ष लागलं तरी चालेल!"